परसातील कोंबडी, शहरातील ग्राहक : बुऱ्हाणपूर परिसरातील घरपोच मांसविक्रीचा एक अभ्यास

रमजानच्या दिवसांत मुंबईतील महंमद अली मार्गावर ‘बुऱ्हाणपुरी मावा जिलबी’ घेण्यासाठी गर्दी लोटते. ती खाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तापीचा हा काठ पाहिलेला नसतो. तरीही गावाच्या नावावर विश्वास ठेवून ते पैसे मोजतात. जिलबीच्या बाबतीत चूक झाली, तर ती जिभेला तत्काळ कळते. मांसाच्या बाबतीत तसे नाही. पक्षी कोठे वाढला, त्याने काय खाल्ले, त्यास कोणती औषधे दिली गेली, यांपैकी काहीही ताटात दिसत नाही. नेमक्या या न दिसणाऱ्या गोष्टींसाठीच शहरातील ग्राहक आज चढा दर देण्यास तयार आहे, आणि तो हा व्यवहार खाटकाच्या दुकानात उभा राहून नव्हे, तर घरबसल्या मोबाइलवर करू लागला आहे. २०१५ साली बंगळुरू येथे ‘लिशियस’ ही कंपनी निघाली. त्याच सुमारास ‘फ्रेश टू होम’ही पुढे आली. कापलेले, स्वच्छ केलेले, थंड राखलेले मांस घरपोच मिळण्याची सवय मोठ्या शहरांना लागली आणि ती आता इंदूर-जळगावसारख्या शहरांतही रुजत आहे.

दुसऱ्या बाजूस बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूळकोट, खकनार, नेपानगर या भागांतील बारेला, भिलाला व कोरकू कुटुंबांच्या परसात आजही पाच-दहा कोंबड्या फिरत असतात. मुलाची वही, घरातील आजारपण किंवा पाहुण्याचे येणे अशा प्रसंगी त्यांतील एक-दोन पक्षी आठवडी बाजारात जातात. तेथे व्यापारी पक्षी हातात धरून अंदाजाने भाव सांगतो. पैशांची निकड असलेली गृहिणी तो भाव स्वीकारते. तोच पक्षी शहरात पोहोचेपर्यंत ‘अस्सल गावरान’ होतो आणि त्याची किंमत बरीच वाढलेली असते. हे मधले अंतर मोबाइलने कमी करता येईल काय, येत असेल तर कोणत्या अटींवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शेळीच्या मांसाचा विषय यास जवळचा असला, तरी त्याचे भांडवल आणि कत्तलीची व्यवस्था निराळी असल्याने येथे मुख्यतः कोंबडीचाच विचार केला आहे.

‘गावरान’ या शब्दाची किंमत

एक अनुभव सांगणे येथे उचित होईल. काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाने एका विक्रेत्याकडे मोबाइलवरून गावरान कोंबडीची मागणी नोंदविली. उन्हाळा होता. पिशवी आली तेव्हा बर्फ वितळून गेला होता आणि मांस हातास कोमट लागत होते. तरीही ते शिजविण्यात आले. शिजावयास नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, तेव्हा घरातील सर्वांचे एकमत झाले की कोंबडी खरोखरीच गावरान आहे! दुसऱ्या दिवशी पशुसंवर्धन खात्यातील एका स्नेह्यास ही हकिकत सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला : “पोटात पिवळ्या चरबीचा जाड थर होता का?” होता. ते हसले. ती कोंबडी बहुधा पिंजऱ्यात वाढलेली, अंडी देण्याचा काळ संपल्यामुळे स्वस्तात काढून टाकलेली होती. वय झाल्यामुळे तिचे मांस चिवट झाले होते, आणि चिवटपणा म्हणजे गावरानपणा अशी आमची समजूत!

या प्रसंगातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात यावी. शरीराच्या खुणा ग्राहकाचे काही अंशी साहाय्य करतात. ब्रॉयलर पक्ष्याच्या छातीच्या हाडाचे टोक कोवळे, वाकणारे असते. पाच-सहा महिन्यांच्या देशी पक्ष्याचे टणक असते. देशी पक्ष्याचे पाय लांब, चरबी कमी आणि छाती अरुंद असते. परंतु म्हाताऱ्या अंड्याच्या कोंबडीचे हाडही टणकच असते. शिवाय हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराज व ग्रामप्रिया, बंगळुरूची गिरिराज, जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने कडकनाथाच्या संकरातून तयार केलेली नर्मदानिधी अशा सुधारित जाती खेड्यांत वाटल्या गेल्या आहेत. या जाती वाईट नाहीत. परसात त्या चांगल्या वाढतात आणि देशी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात. मात्र त्यांचा पक्षी विकताना जातीचे नाव स्पष्ट सांगणे हाच प्रामाणिक व्यवहार होय. रंगीत पिसे दिसली की गावरान, हे समीकरण आता चालणारे नाही.

मग किंमत कशाची द्यावयाची? ती वाढीच्या काळाची. ब्रॉयलर पक्षी पाच ते सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरतो आणि एक किलो वजनवाढीसाठी त्यास सुमारे पावणेदोन किलो खाद्य लागते. देशी पक्ष्यास सव्वा किलो होण्यास पाच ते सहा महिने लागतात. सारे खाद्य विकत आणून त्यास घातले, तर एक किलो वाढीसाठी चार किलो किंवा त्याहूनही अधिक खाद्य खर्ची पडते. म्हणजे बंदिस्त शेडमध्ये, पोत्यातील खाद्यावर वाढविलेला देशी पक्षी हा धान्याच्या दृष्टीने ब्रॉयलरहून उधळा ठरतो. देशी पक्षी निसर्गाला सोसवतो तो केवळ एका कारणाने : तो आपले बरेचसे अन्न स्वतः शोधतो. खळ्यावर सांडलेले मक्याचे दाणे, शेणखताच्या ढिगातील अळ्या, वाळवी, गवताचे कोंब, स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे, जे माणसाच्या उपयोगाचे नाही त्याचे तो मांस करतो.

परसाची मर्यादा

येथेच या धंद्यातील खरी अडचण उभी राहते आणि ती बहुतेक योजना-पत्रकांत आढळत नाही. परसातील फुकटचे अन्न मर्यादित असते. एका घरामागे दहा-पंधरा मोठे पक्षी सुखाने पोट भरतात. मागणी वाढली म्हणून तेथे शंभर पक्षी सोडले, तर आठवड्याभरात अंगण उकरून निघते, अळ्या-किडे संपतात आणि पोत्यातील खाद्य आणावे लागते. गर्दी झाली की राणीखेतसारखे रोग झपाट्याने पसरतात आणि रोगाच्या भीतीने औषधांचा वापर वाढतो. ग्राहक ज्या गुणासाठी जास्त पैसे देतो, तो गुण धंदा ‘वाढविण्याच्या’ प्रयत्नातच नाहीसा होतो.

ऑनलाइन विक्रीचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. शहरातील मोठा विक्रेता दर रविवारी एकसारख्या वजनाचे शे-दोनशे पक्षी मागतो. एका कुटुंबाने ती मागणी पुरी करावयाची, तर त्याचे परस राहत नाही, कारखाना होतो. ही मागणी पुरी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे परसे लहानच ठेवून त्यांची संख्या वाढविणे. त्यासाठी शेजारी-शेजारी असलेल्या घरांनी एकत्र यावयास हवे. हा मार्ग कष्टाचा आहे, पण मध्य प्रदेशात त्याचा अनुभव उपलब्ध आहे.

केसला येथील महिलांचा अनुभव

इटारसीहून बैतूलकडे जाताना सातपुड्यात केसला व सुखतवा ही गावे लागतात. पूर्वीचा होशंगाबाद, आताचा नर्मदापुरम जिल्हा. येथील गोंड व कोरकू महिलांना ‘प्रदान’ या स्वयंसेवी संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कुक्कुटपालनात साहाय्य केले. २००१ साली त्यांची सहकारी संस्था नोंदली गेली. अशा निरनिराळ्या संस्थांच्या महिलांची मिळून २००६ साली राज्यपातळीवरील उत्पादक कंपनीही उभी राहिली आणि त्यांचा माल ‘सुखतवा चिकन’ या नावाने बाजारात आला.

या महिला देशी नव्हे, तर ब्रॉयलर पक्षी वाढवितात; त्यामुळे हे उदाहरण पक्ष्याच्या जातीसाठी नव्हे, तर व्यवस्थेसाठी पाहावयाचे आहे. प्रत्येक सदस्येची शेड घराजवळ व लहान असते. पिल्ले, खाद्य, लस आणि विक्री ही कामे संस्था पाहते. गावातील प्रशिक्षित तरुण शेडना भेटी देऊन नोंदी ठेवतात. सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी की सदस्येस मिळणारा मोबदला तिने पक्षी किती चांगले वाढविले यावर ठरतो, त्या आठवड्याच्या बाजारभावावर नव्हे. भाव कोसळला तर तो धक्का संस्था आपल्या अंगावर घेते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो अशी अफवा उठून देशभर कोंबड्यांचे भाव मातीमोल झाले, त्या दिवसांची आठवण असणाऱ्यास या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावयास नको. एकट्या कुटुंबाला असा धक्का पुन्हा उभे राहू देत नाही.

कडकनाथ : नाव, मान आणि फसवणूक

पश्चिमेकडील झाबुआ जिल्ह्यातील कडकनाथ कोंबडीचे उदाहरण याहून निराळे आहे. येथे पक्ष्याचीच कीर्ती झाली. मांस, हाडे, चोच, तुरा सर्व काळसर असल्याने भिल्ल-भिलाला समाजात तिला ‘कालामासी’ म्हणतात. पूर्ण वाढलेला कोंबडा दीड ते दोन किलोंचा, कोंबडी सव्वा ते दीड किलोची. अंडी मात्र काळी नसतात. ती फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेली असतात. ‘कडकनाथची काळी अंडी’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसल्यास त्या विक्रेत्यापासून दूर राहणे श्रेयस्कर. या जातीची कोंबडी अंड्यांवर सहसा बसत नाही. म्हणून खेड्यांत तिची अंडी खुडूक झालेल्या गावरान कोंबडीखाली ठेवण्याची रीत आहे.

२०१८ हे वर्ष कडकनाथच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षाच्या जानेवारीत राज्याच्या सहकार विभागाने कडकनाथच्या विक्रीसाठी मोबाइल ॲप सुरू करून उत्पादक सहकारी संस्थांचा ग्राहकांशी थेट संबंध जोडला. त्याच वर्षी झाबुआच्या कडकनाथ मांसास भौगोलिक मानांकन मिळाले. यासाठीचा अर्ज ग्रामीण विकास ट्रस्टने २०१२ मध्येच केला होता. पुढे २०२२ च्या एप्रिलमध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांच्या रांची येथील शेतासाठी झाबुआहून दोन हजार पिल्ले गेली, तेव्हा तर या पक्ष्याची चर्चा घरोघर झाली.

बुऱ्हाणपुरातील शेतकरी बंधूंनी येथे एक कायदेशीर भेद ध्यानात ठेवावा. कडकनाथ जातीचा पक्षी कोणीही, कोठेही पाळू शकतो. परंतु भौगोलिक मानांकन हे त्या विशिष्ट प्रदेशातील मालासाठी असते. तापीकाठी वाढलेला कडकनाथ ‘झाबुआ कडकनाथ’ म्हणून विकणे नियमास धरून होणार नाही. बुऱ्हाणपुरात वाढलेला कडकनाथ हा ‘बुऱ्हाणपूर परिसरात वाढविलेला कडकनाथ’ असाच सांगावा. ग्राहकास ते कमी वाटत नाही. त्यास जागा कळल्याचे समाधानच होते.

कीर्तीची दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरातून चाललेली एक कडकनाथ योजना २०१९ साली कोसळली आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. योजना दिसावयास साधी होती : शेतकऱ्याने आगाऊ रक्कम भरून पिल्ले घ्यावयाची, अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेण्याची हमी कंपनीची. अशा योजनेत एक प्रश्न विचारावयाचा असतो आणि तो बहुधा कोणी विचारत नाही. कंपनी ही अंडी पुढे कोणास विकते? जर ती मुख्यतः नव्या सभासदांना पिल्ले पुरविण्यासाठीच अंडी घेत असेल, तर खाणारा ग्राहक साखळीत कोठेच नाही. नवे सभासद येणे थांबले की भावही संपतो. ज्या धंद्यात शेवटी कोणाच्या तरी चुलीवर हंडी चढत नाही, तो कोंबडीचा धंदा नव्हे.

आठवड्यास बारा पक्षी

आता आपल्या परिसराचा हिशेब मांडून पाहू. समजा, धूळकोट भागातील एका पाड्यावर वीस घरे एकत्र आली. प्रत्येक घरी चार-पाच कोंबड्या व एक कोंबडा कायम राहिला आणि पिल्लांची मर वगळून वर्षास तीस पक्षी विक्रीस निघाले. वर्षाचे सहाशे पक्षी झाले, म्हणजे आठवड्यास साधारण बारा. ही संख्या ऐकून अधिकारी वर्गातील काही वाचक निराश होतील. तथापि हा आकडा लहान आहे म्हणूनच टिकाऊ आहे. बारा पक्ष्यांसाठी मोठे ॲप लागत नाही. जळगाव, खंडवा किंवा इंदूर येथील पंचवीस-तीस कुटुंबांचा एक व्हॉट्सॲप गट पुरतो. प्रत्येक कुटुंबाने पंधरवड्यातून एकदा मागणी केली, तरी माल शिल्लक राहत नाही. रविवारच्या मालाची नोंदणी बुधवारी बंद करावी आणि नोंदणी झाली तेवढेच पक्षी कापावेत. न विकलेले मांस साठविण्याचा प्रश्नच मग उद्भवत नाही.

दर ठरविताना जिवंत वजन आणि साफ केलेले वजन यांतील फरक ग्राहकास आधीच सांगावा. सव्वा किलोच्या देशी पक्ष्याचे पिसे, आतडी, डोके व पंजे काढल्यावर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास मांस उरते. या एका गोष्टीवरून जितकी भांडणे होतात, तितकी भावावरून होत नाहीत.

वीस घरांच्या गटास तिथींचाही विचार करावा लागेल, आणि सीमेवरील जिल्ह्यात तो थोडा गमतीचा आहे. मराठी पंचांगात महिना अमावास्येस संपतो. उत्तरेकडील पंचांगात पौर्णिमेस. त्यामुळे इंदूरच्या हिंदी भाषिक ग्राहकाचा श्रावण जळगावच्या ग्राहकापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. आषाढ वद्य पक्षात, म्हणजे ज्या दिवसांत मराठी घरांतून आखाडाची धूम असते आणि मागणी शिगेस पोहोचते, त्याच दिवसांत इंदूरची अनेक घरे मांसाहार वर्ज्य करून बसलेली असतात. दोन्हीकडे माल पाठविणाऱ्या गटाचा श्रावण अशा रीतीने दीड महिन्याचा होतो. परंतु त्याचा पहिला पंधरवडा जळगावच्या मागणीने भरून निघतो. आखाडासाठी पाच-सहा महिन्यांचे कोंबडे हवे असतील, तर कोंबडी पौष-माघात अंड्यांवर बसली पाहिजे. श्रावणात पक्षी घरीच ठेवावेत. तलंगा त्या काळात अंड्यांवर येतात आणि तीच पुढच्या वर्षाची बेगमी होते. पिल्ले सहा-सात दिवसांची असताना राणीखेतची ‘लासोटा’ लस आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस देण्यात कसूर होऊ नये. एका घराने लस चुकविली की उरलेल्या एकोणीस घरांचे पक्षी धोक्यात येतात, कारण कोंबड्या कुंपणे मानत नाहीत.

कापणी, थंडावा आणि कायदा

मे महिन्यात बुऱ्हाणपूरचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. मांसात रोगजंतू वाढण्यास साधारण पाच ते साठ अंशांमधील उष्णता पोषक असते. म्हणून कापलेला पक्षी स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुऊन बर्फाच्या पाण्यात लवकरात लवकर चार अंशांपर्यंत थंड करावा, निथळून पिशवीत बंद करावा आणि जाड थर्माकोलच्या पेटीत वर-खाली बर्फाच्या पिशव्या ठेवून रवाना करावा. गोठविलेले मांस पाठवावयाचे असल्यास ते उणे अठरा अंशांवर राहिले पाहिजे, आणि ती सोय पाड्यावर असणे कठीण. इंदूर सडकेने सुमारे १८० किलोमीटर दूर आहे. खंडवा व भुसावळ रेल्वेने जवळ आहेत. उन्हाळ्यात जवळची गावेच घ्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहाटे कापून सकाळच्या न्याहारीपूर्वी पोहोचेल तेवढेच अंतर खरे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा लहान विक्रेत्यांनाही लागू आहे. २०११ च्या विनियमांत दररोज पन्नासपर्यंत कोंबड्या किंवा दहापर्यंत शेळ्या-मेंढ्या कापणाऱ्या लहान व्यावसायिकास परवान्याऐवजी केवळ नोंदणीची सवलत दिलेली आहे. अर्ज करण्यापूर्वी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडून चालू नियमांची माहिती घ्यावी; कापणीच्या जागेविषयी ग्रामपंचायतीचे अथवा नगरपालिकेचे म्हणणेही विचारात घ्यावे लागते. नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक पिशवीवर छापावा. त्याबरोबर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कापणीची तारीख, किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक असावा.

‘सेंद्रिय’ किंवा ‘जैविक’ हा शब्द मात्र जपून वापरावा. त्यास प्रमाणीकरणाचे नियम आहेत आणि शेजाऱ्याच्या फवारलेल्या कापसात फिरून आलेली कोंबडी सेंद्रिय म्हणवीत नाही. ‘प्रतिजैविकमुक्त’ असे लिहावयाचे असेल, तर औषध दिलेल्या पक्ष्याची नोंद हवी आणि तो विक्रीतून बाजूस काढल्याची नोंदही हवी. कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत वापरण्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे. जुन्या साठ्यातील पुड्या कोणी देऊ केल्यास त्या घेऊ नयेत.

ग्राहकाने काय विचारावे

शहरातील वाचकांसाठीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण शेतकऱ्याचा प्रामाणिकपणा ग्राहकाच्या प्रश्नांवरच पोसला जातो. पक्ष्याची जात कोणती, वय किती महिने, कोणत्या गावातील परसातून आला, कधी कापला, सांगितलेले वजन जिवंत पक्ष्याचे की मांसाचे, हे प्रश्न मागणी नोंदवितानाच विचारावेत. ‘आमचा सर्व माल गावरानच असतो’ हे उत्तर नव्हे. पिशवी हातास थंड लागली नाही, तर ती तेथेच परत करावी. लेखकाने हे केले नाही, ही त्याची चूक. मोठ्या विक्रीमंचावरून खरेदी केली असल्यास, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे.

ग्राहकाने आणखी एक सोसावे. परसातील पक्षी एका मापाचे नसतात. एका रविवारी नऊशे ग्रॅम, दुसऱ्या रविवारी साडेसातशे ग्रॅम मांस येईल. एकसारखेपणाचा हट्ट धरला, तर त्यास शेवटी शेडमधील पक्षीच मिळेल.

रोग आला तर

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि तेथील कुक्कुटपालनाची होळी झाली. २०२१ च्या जानेवारीत तोच रोग झाबुआतील एका कडकनाथ केंद्रात शिरला. कोंबड्या माराव्या लागल्या आणि बाहेरगावच्या मागण्या थांबल्या. ७० अंशांवर पूर्ण शिजविलेल्या मांसातून हा विषाणू पसरत नाही, हे शास्त्र ग्राहकास ठाऊक असले, तरी त्या दिवसांत कोणी मागणी करीत नाही. रोगी पक्षी हाताळणे मात्र खरोखर धोक्याचे असते.

म्हणून गटाच्या वहीत एक पान याच कामासाठी राखून ठेवावे. एखाद्या घरी दोन दिवसांत तीन-चार पक्षी मेले, तर ते गुपचूप विकण्याचा मोह होतो. तो मोह समजण्यासारखा आहे, कारण त्या घराची वर्षाची मिळकत त्यात असते. यासाठी प्रत्येक विकल्या गेलेल्या पक्ष्यामागे ठरावीक रक्कम गटाच्या निधीत बाजूस टाकावी आणि मेलेल्या पक्ष्यांची काही भरपाई त्यातून द्यावी. मग घर ती गोष्ट लपवीत नाही. मेलेले पक्षी उघड्यावर अथवा नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरावेत, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे आणि सर्व वीस घरांची कापणी थांबवावी. गटातील ग्राहकांना कारणासह संदेश पाठवावा, आगाऊ घेतलेले पैसे त्याच दिवशी परत करावेत आणि पुढील नोंदणीची तारीख पशुवैद्यकाशी बोलणे झाल्यावरच कळवावी.